कच्च्या आंब्याचा सॉस

उपकेंद्र, भामरागड रस्ता
सोमवार, ११ एप्रिल २००५

प्रिय नाजिया,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. तूही बरी असशील आणि जिशानभाईंचा दुबईहून फोन येत असेल. इकडे ऊन वाढलं आहे. मोहाची फुलं संपत आली. उपकेंद्राचा फोन होळीपासून बंद आहे, म्हणून पत्रच.

नागपूरच्या जागेबद्दल तू दुसऱ्यांदा विचारलंस. दवाखाना चांगला आहे, रात्रपाळी कमी आहे, तुझ्या खोलीत दुसरी खाट रिकामी आहे, हे सगळं मी नीट वाचलं. महिनाअखेरीला त्यांना नाव कळवायचं आहे, तेही लक्षात आहे. उत्तर याच पत्रात देते. आधी मला कालचं सांगू दे.

काल मी ते चिकन रॅप घरी केले. सीताबर्डीच्या त्या काचेच्या दुकानातले.

तुला आठवत असेल, पहिल्यांदा गेलो तेव्हा तू काउंटरवरच्या मुलाला विचारलंस, चिकन हलाल आहे का. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "पता नहीं, मॅडम." त्या दिवसापासून तू फक्त तळलेले बटाटे घ्यायचीस आणि त्या नारिंगी सॉसमध्ये बुडवून खायचीस. रॅप मी खायचे. तू विचारायचीस, आत काय काय आहे? मी सांगायचे. कोंबडी आहे, कोबी आहे, कांदा आहे. तू म्हणायचीस, "और?" मग मी आणखी हळू खायचे, म्हणजे आणखी काही सापडेल.

मागच्या पत्रात तू त्या सॉसच्या पुड्या पाठवल्यास. एक वाटेत फुटली. मुंग्यांनी पत्र माझ्याआधी वाचलं. उरलेल्या पुड्या मी पोळीशी खाल्ल्या आणि मग वाटलं, आपणच करून बघावं. तुझ्या कॅन्टीनच्या माणसानं सांगितलेली कृती होतीच. अंड्याचा पिवळा बलक, थेंबाथेंबानं तेल, टोमॅटो सॉस, मोहरीची पूड, साखर, तिखट, व्हिनेगर.

कोंबडा लटारूनं आणला. लटारू म्हणजे इथला शिपाई, ब्रह्मपुरीकडचा. त्याला वाटत होतं तोच कापून देईल. मी म्हटलं, नको, हाफिजभाऊंकडे नेऊ. थांब्याजवळ त्यांचं किराणा दुकान आहे.

"काऊन? माह्या हातानं कोंबडा मरत नाई का?"

"त्यांच्या हातचा पाहिजे."

"त्याइच्या हातानं का गोड होते?"

मी कोंबडा काखेत घेऊन चालू लागले.

हाफिजभाऊंनी कोंबडा कापून दिला. व्हिनेगर मागितलं तर कपाळाला आठी. "अॅसिड पायजे का, सिस्टर? संडास धुवाले?" टोमॅटो सॉसची एक बाटली त्यांच्याकडे होती. तिच्यावरची धूळ त्यांनी शर्टाला पुसली. लिंबं संपली होती. चिंच घातली तर रंग काळा होईल, असं मला वाटलं.

गावरान कोंबडा शिजता शिजत नाही. उकडला, हाडांवरून सोडवला, हातानं धागे काढले आणि लसूण-तिखटावर परतला. पोळ्या पातळ लाटल्या. सॉस पहिल्यांदा फाटला. तेल एकीकडे, बलक एकीकडे. दुसऱ्या वेळी मी पातेलं गार पाण्यात ठेवलं आणि लटारूला बाहेर काढलं, कारण तो सारखा विचारत होता की हे औषध आहे की खायचं. या वेळी जमलं. घट्ट झालं. फक्त आंबट काही नव्हतं. क्वार्टरच्या मागं आंब्याचं झाड आहे. परवाच्या वाऱ्यानं कैऱ्या पडल्या होत्या. एक किसली, पिळली, रस घातला. नाजिया, अगदी तीच चव. मी एकटीच ओट्यापाशी उभी राहून हसले.

दोन ताटं काढली आणि दुपारच्या बसला थांब्यावर गेले. सहज.

सहज नव्हते गेले. तू लिहिलं होतंस, रविवारी सुटी मिळाली तर येते. मिळाली नसेल. हे मी लिहिणार नव्हते. हाफिजभाऊंना मी सांगून ठेवलं होतं, राजुऱ्याची मैत्रीण येणार आहे. ते मूळचे तुमच्या राजुऱ्याचेच. कोंबडा त्यांच्याकडे का नेला, ते आता तुला कळलंच असेल. या वेळी तुला कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

बस आली. माणसं उतरली. मी खिडक्यांमधून बघत होते. कंडक्टर म्हणाला, "कोनाले पाहून राह्यल्या, सिस्टर?" मी म्हटलं, कुणाला नाही. सगळ्यात शेवटी आई उतरली.

तिचं गाव याच रस्त्यावर आहे, अलीकडे. एरवी ती चालत येते. काल तिच्यासोबत वाळलेल्या मोहाची पिशवी होती आणि गुडघा सुजला होता. गोळ्या घ्यायला आली होती. मी या क्वार्टरमध्ये आल्यापासून ती इथे राहायला यावी म्हणून किती सांगितलं, तुला माहीत आहे. येते, पाणी पिते, लगेच परत जाते. तिचं माझं बोलणं मराठीत नसतं, तुझ्यासाठी मराठीत लिहिते.

दोन ताटं बघून ती म्हणाली, "कुणी येणार होतं?"

"तूच."

ती ताटापाशी बसली. रॅप तिनं आधी उलगडला, आत बघितलं, पुन्हा गुंडाळला. एक घास खाल्ला. मग बोट सॉसमध्ये बुडवून चाटलं. पुन्हा बुडवलं. तिला आवडलं होतं. या घरात माझ्याखेरीज कुणी कधी जेवत नाही, त्यामुळे कुणाला काही आवडलेलं मी बघितलं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आंबट कशानं?" तिनं विचारलं.

"कैरी," मी म्हटलं. मी ते अभिमानानं म्हटलं.

तिचं बोट तसंच राहिलं.

तुला हे सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. आमच्यात आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालत नाहीत. आधी गावाच्या देवाला, गेलेल्या माणसांना, मग आपण. कच्चाही नाही, वाऱ्यानं पाडलेलाही नाही. लहान पोरंसुद्धा झाडाखालून कैरी ओलांडून जातात. कुणी खाल्ली तर दोष एकट्याचा राहत नाही, सगळ्या गावाचा होतो. मीही अशीच ओलांडत मोठी झाले. आश्रमशाळेत, मग नागपूरला, कैरी हातगाडीवर मिळायची, मीठ-तिखट लावून. ती खाताना मला कधी काही वाटलं नाही, कारण ते झाड कुणाचं, हे माहीत नव्हतं.

आईनं विचारलं, "तुमच्या इथं झाला का पंडुम?"

ती हे रागानं म्हणाली नाही. तिला खरंच वाटलं, सरकारी घरांचा पंडुम वेगळा असेल, आधी होत असेल. मी हो म्हटलं असतं तर तिनं जेवण पुरं केलं असतं.

मी म्हटलं, "नाही."

ती उठली, पाण्याच्या ड्रमपाशी गेली, चूळ भरली. पुन्हा भरली. परत येऊन ताटापासून जरा लांब बसली.

"तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत होतं. आठवलं नाही."

मला वाटतं, तिला तिचंच वाक्य जास्त बरं वाटलं असतं.

हॉस्टेलवर तू एकदा रोज्यात नळाचं पाणी प्यायलीस. मी घाबरले. तू तोंड पुसून म्हणालीस, विसरून प्यायलं तर रोजा तुटत नाही. आमच्यात विसरण्याला काय म्हणतात, मला माहीत नाही. आईला विचारायचं धाडस झालं नाही.

जाताना ती म्हणाली, "मी सांगेन, बाजारात कुणी चटणी दिली, चाटली. तुझं नाव घेणार नाही. बाया तुझ्या हातून गोळ्या घेतात."

उरलेले रॅप तिनं नेले नाहीत. लटारूनं खाल्ले. त्याचं मत, "बरं हाये, सिस्टर. पन भात पायजे होता याच्यासंगं."

आता उत्तर. काल आईची बस गेली तेव्हाच मी ठरवलं, येते म्हणून लिहायचं. तुमच्या इथं, म्हणाली ती. मग मी इथं कशासाठी आहे? नागपूरला निदान कुणी मला तिथली समजत नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. तेव्हा त्यांना माझं नाव

लटारू हाक मारतो आहे. बाळंतीण आली आहे. उरलेलं नंतर.

रविवार, १७ एप्रिल

पत्र टाकलं नाही. वरचं वाक्यही पुरं केलं नाही. तसंच राहू दे.

त्या दिवशी आलेली बाई आईच्याच गावची होती. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. कळा थांबल्या की ती गावातल्या गोष्टी सांगायची. म्हणाली, तुझ्या आईनं पंडुमआधी आंबा खाल्ला, स्वतःच सांगितलं. म्हातारी झाली, जिभेवर ताबा नाही, असं बाया म्हणतात. हसतात. ती हे सांगताना माझ्या हाताला घट्ट धरून होती, कारण पुढची कळ येत होती. मी तिला श्वास घ्यायला सांगितलं.

आज सकाळी मी देवाला द्यायला एक कोंबडी घेतली आणि गावात गेले. पोचूकाका तिथला पुजारी. त्याच्या अंगणात बाया मोह पसरत होत्या, आईही होती. मी पोचूकाकाला सांगितलं, आंबा आईनं बाजारात खाल्ला नाही. मी घातला. माझ्या घरी, माझ्या हातानं. तिला माहीत नव्हतं.

आई मोहाकडे बघत राहिली. हात थांबला नव्हता तिचा.

पोचूकाकानं विचारलं, "कशात घातला होतास?"

मला सगळं सांगावं लागलं. अंडं, तेल, साखर. बाया ऐकत होत्या. एकीनं विचारलं, कोंबडी पोळीत गुंडाळायची कशाला? दुसरी म्हणाली, पळून जात असेल नागपूरची कोंबडी. सगळ्या हसल्या. मीही हसले. आई हसली नाही, पण तिनं पदर तोंडाला लावला.

मी पोचूकाकाला विचारलं, "विसरून झालं तर?"

तो कोंबडीचे पाय बघत होता. म्हणाला, "विसरलेलाच कोंबडी घेऊन येतो. मुद्दाम खाणारा कशाला येईल?" मग म्हणाला, "पंडुमला ये. सुटी काढून ये."

एवढंच झालं. फार काही झालं असं समजू नकोस. मी गोळ्यांची पिशवी नेली होती. बऱ्याच जणींनी घेतल्या. एकीनं घेतल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, ताप नाही आता. ताप होता. ती पुढं घेईल की नाही, सांगता येत नाही. मला तिच्या दारात पुन्हा जावं लागेल, पुष्कळदा.

आई मला थांब्यापर्यंत सोडायला आली. लंगडत. वाटेत आंब्याखाली कैऱ्या पडल्या होत्या. ती ओलांडून गेली. मीही ओलांडली. मी ओलांडते की नाही, हे तिनं मागं वळून बघितलं. मला ते दिसलं.

"गुडघ्यासाठी माझ्याकडे राहा काही दिवस," मी म्हटलं.

"पंडुम झाल्यावर बघू," ती म्हणाली. ती याआधी असं कधी म्हणाली नव्हती. नाही असंच म्हणायची.

संध्याकाळी या खोलीत परत आले. लटारू गावी गेला आहे. फळीवर दोन ताटं आहेत, त्यातलं एक गेल्या रविवारपासून पालथं आहे. चूल पेटवायचा कंटाळा आला, पोळी आणि कांदा खाल्ला. तुला खोटं सांगत नाही, गावातून येताना जितकं बरं वाटत होतं, तितकं दार उघडल्यावर राहिलं नाही. इथं संध्याकाळी फार शांत असतं. तुझ्याकडेही तसंच असेल. तू लिहीत नाहीस, पण खाट रिकामी आहे हे तू एकाच पत्रात तीनदा लिहिलं होतंस.

हाफिजभाऊ विचारत होते, "राजुऱ्याची पोरगी आली नाई काऊन?" मी सांगितलं, पुढच्या महिन्यात येणार आहे. त्यांनी व्हिनेगर मागवून ठेवलं आहे. मी नको म्हटलं. तेव्हा पंडुम झालेला असेल, आंबा चालेल. कोंबडा त्यांच्याच हातचा असेल. आत काय काय आहे ते या वेळी मी सांगणार नाही. तूच खा आणि मला सांग.

दवाखान्याला माझं नाव कळवू नकोस. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे.

खाट मात्र काढू नकोस.

तुझी
दुर्गा