कार्डावरचा हात

१ जानेवारी १९८६, बुधवार

विहीणबाईंना कार्ड मिळणार, मला ही डायरी मिळाली. झाली फिट्टंफाट!

रत्नप्रभाच्या कचेरीत नवीन वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. तिनं एक आणून माझ्या मांडीवर ठेवली. "माई, ही तुमच्यासाठी." मला! ज्या बाईला स्वतःचं नाव आणि पावट्याचा वेल एकसारखाच दिसतो, तिला डायरी! पण घेतली. या घरात काही मिळतंय तर सोडते कशाला? मी बोलणार, लिहिणारी लिहिणार. अट घातली आहे — सांगेन ते उतरवायचं, शब्द गाळायचा नाही, मधे बोलायचं नाही. मजुरी म्हणून लिमलेटची गोळी देऊ केली. नको म्हणाली. बरंय, मलाच राहिली.

आता कार्डाचं. माझी सून रत्नप्रभा इथे जयपुरात, झालान्याच्या कचेरीत, केंद्र सरकारच्या नोकरीत. पगारातून दरमहा थोडं कापतात, त्याच्यावर घरच्यांना सरकारी दवाखाना, औषधं, वेळ पडली तर चिठ्ठी घेऊन मोठं इस्पितळ. नवरा, मुलं, आणि तिच्यावर अवलंबून असलेले म्हातारे. पण कुठले म्हातारे? तिथे मेख आहे! बाई नोकरीत असली तर तिनं एकच बाजू धरायची. माहेरचे आईबाप, नाहीतर सासूसासरे. दोन्ही नाही. दोन बाजूंच्या म्हाताऱ्या एका घरात राहत असतील हे सरकारच्या ध्यानातच आलं नसेल. आमच्याकडे राहतात. मी जयंतची आई. विहीणबाई, म्हणजे प्रभावती, रत्नप्रभाची आई. दोघींचे नवरे गेले, दोघींना पेन्शन नाही. जयंत खाजगी कारखान्यात, तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी काही नाही.

रत्नप्रभा रडवेली झाली. मी म्हटलं, "घाल तुझ्या आईचं नाव. तिला साखर आहे. मी काय, जात्याचा दगड!" आता असं म्हटल्यावर माणसानं एकदा तरी "नाही हो माई" म्हणावं की नाही?

सगळे म्हणाले, "बरं."

१० जानेवारी, शुक्रवार

त्या कार्डाला फोटो लागतो, सगळ्यांचा मिळून. रविवारी सगळे फोटो काढायला निघाले. मी आधीच अंजिरी नऊवारी नेसून दारात उभी! जयंत म्हणाला, "माई, तू कशाला?" म्हटलं, "घर राखायला कुत्रं आहे का मी? येते." आदर्श नगरच्या त्या स्टुडिओत खुर्ची एकच. मी बसले. नात लता माझ्यापुढे, तिच्या खांद्यावर माझा हात. विहीणबाई मागे उभ्या. फोटोवाला म्हणाला, "माताजी, थोड़ा मुस्कुराइए." विहीणबाई हसल्या. त्याला मला म्हणायचं होतं!

आज फोटो कचेरीतून परत आला. कारकून म्हणाला म्हणे, कागदावर चार नावं आणि फोटोत पाच माणसं, ये पाँचवीं माताजी कौन?

दुसरा फोटो काढायला पुन्हा सगळ्यांना सवड कुठली! जयंतनं कात्री घेतली आणि आईला कापून टाकलं. पोटच्या पोरानं! खुर्चीसकट गेले मी. फक्त हात राहिला, लताच्या खांद्यावर. तो कापायचा तर पोरीचा गळा कापावा लागला असता.

(लिहिणारी हसते आहे. हसण्यासारखं काय आहे त्यात? लिही.)

१३ जानेवारी

कार्ड हातात आलं आणि विहीणबाई लगेच दवाखान्यात गेल्या. स्कूटरवरून. माझ्या मुलाच्या स्कूटरवरून. मागून शाल उडत होती, एखादी नटी निघाल्यासारखी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळं जयपूर गच्चीवर. "वो काटा, वो काटा!" सकाळपासून कान किटले. लता म्हणते, आकाश भरलंय पतंगांनी. मी वर बघितलं. मला पिठाच्या पाण्यासारखं काहीतरी दिसलं. म्हटलं, "हो गं, किती छान!"

विहीणबाईंना तिळगूळ वर्ज्य. मी त्यांच्यासमोर बसून दोन लाडू खाल्ले. सावकाश. "गोड गोड बोला" असंही म्हटलं.

हे लिहिलंस का? वाचून दाखव. — लिहिलंय. शाबास.

२० जानेवारी, सोमवार

चोरी झाली! वस्तूंची नाही, दुखण्याची!

विहीणबाईंनी आज डॉक्टरला सांगितलं, गुडघे दुखतात. त्यांचे गुडघे! ही बाई मांडी घालून तासभर भाजी निवडते, उठताना भिंतीला हात लावत नाही. गुडघे माझे दुखतात! जिना चढताना "आई गं" मी म्हणते! गेल्या खेपेला त्यांनी माझा खोकला नेला होता, त्याच्याआधी माझा पोटातला वात. माझी एकेक दुखणी उचलून सरकारला दाखवायची आणि मोठेपणा मिळवायचा! वर घरी येऊन सांगतात काय, "डॉक्टरनं कार्ड बघून विचारलं, ये हाथ किसका है?" मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" तर म्हणे, "म्हटलं, घर की बड़ी हैं."

बड़ी! वयानं म्हणाली असणार.

२१ जानेवारी

माझ्या उशाशी मलमाची नळी. कागदाच्या पुडीत गोळ्या. खोकल्याची बाटली, अर्धी भरलेली. कोणी ठेवलं, विचारलं नाही. दुसऱ्याच्या नावावर आलेलं मलम मी लावणार नाही. मी अजून मेले नाही.

दुपारी लावलं. बरं वाटलं. मलम चांगलं आहे, देणारीबद्दल मी काही बोलले नाही.

२७ जानेवारी, सोमवार

दुधात मीठ घातलं. साखरेचा डबा समजून. सगळं दूध फाटलं. परवा उंबरा दिसला नाही, पडता पडता राहिले. जयंत नाक्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलाय. ऑपरेशन लवकर करा, नाहीतर नजर जाईल. खाजगीत करायचं तर जयंतला झेपणारं नाही. त्याचं तोंडच उतरलं, तेवढं मला दिसलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "एक रस्ता आहे. रत्ना नोकरीत एकदा बाजू बदलू शकते. आईचं नाव काढून सासूचं."

वही, तुझ्याशी कशाला खोटं बोलू? मला गुदगुल्या झाल्या. माझं नाव! पुन्हा स्टुडिओ, पुन्हा खुर्ची, आणि या खेपेला कात्री दुसऱ्या बाजूनं! स्कूटरवर मी. शाल माझी.

लिहिणारी थांबली. थांबू नकोस म्हटलं. ठरलंय ना आपलं?

३ फेब्रुवारी, सोमवार

रत्नप्रभानं आज आईसमोर विषय काढला. अर्धं वाक्य गिळलं. विहीणबाईंनी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. "त्यात विचार कसला? डोळे आधी. बदल."

बघा! मी रडले असते, हट्ट केला असता, मग त्यांनी नाइलाजानं दिलं असतं, म्हणजे मला जिंकल्यासारखं वाटलं असतं. पण नाही! एका वाक्यात देऊन मोकळ्या! जयंत त्यांच्याकडे असा बघत राहिला, तसं माझ्याकडे जन्मात कधी बघितलं नाही. माझं त्याग करणं "बरं" आणि यांचं करणं म्हणजे कीर्तन! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

७ फेब्रुवारी

रोज सकाळी ओट्यावर स्टीलची डबी उकळते. तिच्यात विहीणबाईंची सुई आणि काचेची पिचकारी. पाणी उकळलं की आत खुळखुळ वाजतं. मी म्हणायचे, आली बाई घुंगरं वाजवत!

आज रत्नप्रभाला एकटीला धरलं. "एकदा बदललं की परत बदलता येतं?" म्हणाली, "नाही माई. एकदाच." "मग हिच्या इंजेक्शनचं काय? मोठं काही झालं तर?" ती कणीक मळत होती. मळतच राहिली. घट्ट झाली होती तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज स्टुडिओत जायचं होतं. नवीन कार्ड, नवीन फोटो. मी गेले नाही.

जयंत म्हणाला, "माई, अर्ज तयार आहे!" म्हटलं, "ज्या फोटोतून एकदा कापलीत, त्या फोटोत मी परत बसत नाही." रत्नप्रभा पाया पडली. जयंत ओरडला, "डोळ्यांपेक्षा तुझा तोरा मोठा?" हो म्हटलं, मोठा! आत्ता कळलं?

घरमालकीण वर आली होती गलका ऐकून. सांगू लागली, "धर्मशाला में आँखों का शिविर लग रहा है, माजी. बाहर से डॉक्टर आते हैं. मेरी सास की वहीं हुई." फुकट. जेवण त्यांचं, पांघरूण आपलं. मी म्हटलं, जाते तिथे.

 आज लिहिणारी फार हळू लिहिते आहे. हे मी कुणासाठी केलेलं नाही, हे ठळक लिही. ठळक!

२० फेब्रुवारी

धर्मशाळा. उजवा डोळा झाला. हिरवी पट्टी. हलायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं नाही. शेजारच्या खाटेवरची टोंककडची म्हातारी गाते, तिला कोणी अडवत नाही.

विहीणबाई सायकलरिक्शातून डबा घेऊन आल्या. भात गिच्च, वरणात मीठ कमी. सगळं खाल्लं. दुपारी लिहिणारी बसली आहे. पट्टीमुळे दिसत नाही, पेन तेवढं वाजतं.

२९ मार्च, शनिवार

होळी झाली. आज चष्मा आला. बाटलीच्या बुडाएवढी जाड भिंगं. लता म्हणते, "माई, आप घुबड़ दिखती हो." हिंदीत घुबडाला उल्लू म्हणतात हेही हिला येत नाही. धड मराठी नाही, धड हिंदी नाही!

पण दिसलं! भिंतीवरची पाल दिसली, रत्नप्रभाचे पांढरे केस दिसले. मग म्हटलं, आणा ते कार्ड. लताच्या खांद्यावर माझा हात. बांगडीसुद्धा ओळखू येते. चांगला आलाय. अख्ख्या फोटोत तोच चांगला आलाय.

आणि विहीणबाई दिसल्या. मला वाटायचं, गोऱ्यापान, गुबगुबीत, सरकारी औषधावर पोसलेल्या. एवढीशी आहे ही! गळ्याची हाडं वर आलेली. पाय सुजलेले. कधीपासून? कोणी बोललं नाही मला.

लिहिणारी म्हणते, हे राहू दे. अट मोडलीस, मधे बोललीस.

३ एप्रिल, गुरुवार

आज लता लिहिते आहे. वेडंवाकडं येईल. रोजची लिहिणारी इस्पितळात आहे. विहीणबाई. दुसरं कोण लिहिणार? दुपारी घरात आम्ही दोघीच असतो, आणि सातवी शिकलेली तीच.

मंगळवारी ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, कार्ड दाखवलं, खाट मिळाली, औषधं सुरू झाली, जयंतला कुठे धावावं लागलं नाही. कार्डावर तिचं नाव होतं. काल रात्रीपर्यंत डोळे मिटलेले. आज सकाळी उघडले, आणि रत्नप्रभाला पहिलं विचारलं, "माईंनी आज माझ्याबद्दल काय सांगितलं?"

लता, तिला निरोप दे. पानं कोरी ठेवली आहेत, शिव्या साठल्या आहेत. लवकर ये म्हणावं.