४१२ नंबरचा बिल्ला

११ जानेवारी १९८८, मोहोपाडा

आज रुजू झालो. सकाळी शिळफाट्यावर टेंपो धरला आणि देव न मानण्याची कारणं ड्रायव्हरला सांगत सांगत इथवर आलो. त्याने भाडं घेतलं नाही. पटलं म्हणून की सुटका झाली म्हणून, कोण जाणे.

कारखाना रसायनांचा. कचेरीत नुकताच कॉम्प्युटर आलाय. बसवणारे कामगारांच्या फायली भरून देऊन गेले, आता तो चालवणारा इथे मी एकटा. खोली थंडगार. यंत्राच्या कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात नारळ. परदेशात शिकून आलेले आमचे साहेबही दाराशी बूट काढून आत येतात. धूळ नको म्हणून काढले असते तर मान दिला असता. हे आत येऊन हात जोडतात! मी नारळ उचलून शिपाई धाकलूच्या हातात दिला आणि चटणी कर म्हटलं.

टाइम ऑफिसने पितळी बिल्ला दिला, नंबर ४१२. कडा झिजलेल्या. गेलेल्या माणसाचा नंबर नव्याला द्यायचा, ही इथली रीत. धाकलू म्हणाला की असा बिल्ला आधी त्या माणसाच्या घरी न्यायचा असतो. घरच्यांनी 'घे' म्हणून हातात दिला, तरच लावायचा. नाहीतर जुना माणूस जागा सोडत नाही. माझ्या बापाने छप्पन्न साली देव्हाऱ्यातले देव उतरवले, आणि मी पितळेच्या चकतीला भ्यायचं? तिथेच छातीला लावला आणि व्हरांड्यात छोटंसं व्याख्यान दिलं. माझं प्रत्येक भाषण सुरू होतं तसंच: मी कमळाकर दामू, मुक्काम चौक, तालुका खालापूर. नाव चोरून बोलणाऱ्याने बोलूच नये, असं माझं मत आहे.

१४ जानेवारी

फाटकाशी पारूबाई नावाची बाई भेटली. ४१२ तिच्या नवऱ्याचा नंबर. आबाजी आम्लाच्या टाकीत पडून गेला. कंपनी म्हणते, असा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. वसाहतीतली खोली महिनाअखेर रिकामी करा. पंचवीस तारखेला सरकारी कामगार अधिकारी चौकशीला येणार. त्यांच्यासमोर पुरावा आला नाही तर बाई रस्त्यावर. आबाजीच्या डब्यातलं कालवण खाल्लेले गडी आता त्याचं नाव काढलं की बहिरे होतात. युनियनचा पुढारी तर म्हणाला, आठवत नाही बुवा. अशांच्या टाळ्या घेण्यापेक्षा मी बुजगावण्यांपुढे बोलेन.

बाईने माझ्या छातीकडे पाहिलं. म्हणाली, "आमी दिला नाय अजून, अन् तू लावलास बी?"

मी तिला म्हटलं, बाई, बिल्ल्याचं सोडा, मी तुम्हाला कागद काढून देतो.

१८ जानेवारी

इथे प्रत्येक कामगाराची फाइल त्याच्या बिल्ल्याच्या नंबराने ठेवतात. ४१२ शोधली, माझीच आली. आबाजी नावाने शोधलं. नाही. कॉम्प्युटरची सगळी डिस्क धुंडाळली. नाही. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलत नाही. काय तो आवाज, जणू तुपात तळलेला.

साहेबांना एवढंच माहीत नाही की कॉम्प्युटरमधली पुसलेली फाइल जात नाही. यंत्र फक्त तिची ओळख विसरतं. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते, अंधारात.

२० जानेवारी

सापडली! दादरच्या कॉम्प्युटर क्लासातून आणलेल्या फ्लॉपीने पुसलेल्या फायली दाखवल्या. आबाजी, भरती, पाळी, टाकी विभाग, सगळं शाबूत. अडचण एकच: एका नंबराच्या दोन फायली यंत्र ठेवत नाही. दुसरा नंबर दिला असता, पण मग साहेब म्हणाले असते, ही बनावट. म्हणून माझी फाइल फ्लॉपीवर काढून ठेवली आणि ४१२ वर आबाजीला बसवलं. छापलेला कागद पारूबाईला नेऊन दिला. तिने तो डोक्याला लावला. मला ते आवडलं नाही, पण व्याख्यान आवरलं.

२१ जानेवारी

धाकलूने बिनदुधाचा चहा आणला. मी असा पीत नाही. तो म्हणाला, तुम्ही नेहमी असाच तर घेता.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, बरं हाय ना आता, आबाजी?

थट्टा. सगळ्या वसाहतीने मिळून केलेली थट्टा. मेलेल्या माणसासाठी साक्ष द्यायला ज्यांना तोंड नाही, त्यांना अशा गोष्टींसाठी बरोबर फुटतं. मी मोजत नाही यांना.

२२ जानेवारी

माझी फ्लॉपी लावली. कोरी. पुन्हा लावली. कोरी.

साहेब आले, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. धाकलूला विचारलं की कॉम्प्युटरवर माणूस कधी नेमायचा. मी ओरडलो. साहेब पडदा सरकवून गेले.

हातांना आम्लाचा वास. साबणाने जात नाही. मी टाकीच्या बाजूला एकदाही गेलेलो नाही.

२३ जानेवारी

मनगटाची कातडी सुटते आहे. दुखत नाही. दुखायला हवं —

हसू नये कुणी. पारूबाईकडे निघालो आहे. बिल्ला तिच्या पुढ्यात ठेवणार, आणि एक शब्द मागणार. 'घे.' एवढाच. मी, कमळाकर, मागणार.

परत आलो.

दार उघडंच होतं. मी बिल्ला पुढे केला. तिने पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. पाय धुवायला पाणी ठेवलं. ताट वाढलेलंच होतं.

"लय उशीर केलात," म्हणाली.

२४ जानेवारी

उद्या चौकशी. एक आज्ञा टाइप केली की ४१२ पुसली जाईल. मग मी — बहुतेक मी परत. पण उद्या अधिकाऱ्यांनी यंत्रात ४१२ शोधायला सांगितली, की बाईचा कागद बनावट ठरणार. खोली जाणार.

आज्ञा लिहिली. बोट बटणावर होतं. पडद्याच्या काचेत चेहरा दिसला, माझा नव्हे — त्याने हात जोडले नाहीत, काही मागितलं नाही. नुसता बघत होता. जागेवरून उठवतील म्हणून घाबरलेला माणूस बघतो तसा.

माणसं पुसणारे ते. साहेब, पुढारी, ते बहिरे. थू. मी त्यांच्यातला नाही.

आज्ञा खोडली.

२५ जानेवारी

अधिकारी आले. आत कागद वाचतायत. ४१२ शोधा म्हणाले. सापडली. पारूबाई बाकावर बसली आहे, खोली राहील असं दिसतं. मघाशी तिने बाकावर शेजारी जागा केली. कुणासाठी — मी पाहिलं नाही.

आता आत बोलावतील. हे मी शोधलं, मी, हे मला उभं राहून सांगायचंय. पहिलं वाक्य तर पाठ आहे. आयुष्यभर तेच बोलत आलो. लिहून ठेवतो, म्हणजे —

मी