दारातला प्रसंग

३ मार्च

तर आईवर सिनेमा निघतोय. आईवर! दिग्दर्शिका दुपारी येऊन गेली. माझ्या भाचीच्या वयाची, पण बोलणं ठाम. मूकपटांच्या काळात आख्खे सिनेमे कापून जोडणारी बाई, आणि तिचं नाव कुठेच नाही, याची तिला चीड येते म्हणे. तिला यावी आणि मला कधी आली नाही, याचंच मला नवल वाटत राहिलं. मला आठवते ती खिडकीपाशी बसलेली आई. फिल्मची पट्टी उजेडाला धरलेली, एक डोळा मिटलेला, बोटांना त्या जोडायच्या द्रावाचा उग्र वास. त्याच बोटांनी माझी वेणी घालायची. दिवसभर माझ्या केसांना सिनेमाचा वास.

५ मार्च

आईची एक गंमत सांगितली तिला. मूकपटात नट मनाला येईल ते बोलायचे, ऐकणार कोण? पट्टी हाताने फिरवून बघायचं एक छोटं यंत्र होतं, त्यात आई नुसते ओठ बघून ओळखायची. विरहाचा ऐन प्रसंग, आणि नायक म्हणतोय, 'जोडा फार चावतोय हो.' आई एकटीच हसत बसायची, मग नेमका तेवढाच तुकडा काढून टाकायची. दिग्दर्शिका खूश. हे घेणारच म्हणाली.

९ मार्च

पटकथा वाचली. दोनदा. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

बाबांना खलनायक केलंय.

बोलपट आले त्या वर्षी स्टुडिओचे मालक स्वतः आईला बोलवायला घरी आले होते. बाबा दारात उभे राहिले. "माझी बायको यापुढे कामावर येणार नाही." आई आतल्या खोलीत रडते. पुढे अंधार.

यात खोटं काय धरू? मी सहा वर्षांची होते, ते वाक्य मी याच कानांनी ऐकलंय. पण हेच बाबा तिचं बोट कापलं की फुंकर घालत बसायचे. आई गेल्यावर मला बोर्डिंगमध्ये ठेवलं, तर एक रविवार चुकवला नाही त्यांनी. एका माणसात अशी दोन माणसं कशी मावतील?

दिग्दर्शिकेला म्हटलं, ते तसे नव्हते हो. ती समजुतीनं हसली.

"मग आईंनी काम का सोडलं, काकू?"

अजून आठवडाभर वेळ आहे, काही आठवलं तर कळवा म्हणाली. नाहीतर प्रसंग लिहिलाय तसाच चित्रित होईल.

१० मार्च

काही सुचत नाही. दूध उतू गेलं.

१२ मार्च

बाबांचं काम करणारा नट भेटायला आला. सालस मुलगा. विचारत होता, वडील रागावले की हात कुठे ठेवायचे? कमरेवर, की मागे? खूप आठवून पाहिलं. मी त्यांना रागावलेलं पाहिलेलंच नाही. तो वहीत काही न लिहिताच गेला.

आणि तरी ते वाक्य आहेच. नातेवाइकांत बाबांना नावं ठेवायचे ते उगीच का? 'हिऱ्याला चुलीत घातलं यानं,' असं माझी काकू माझ्यासमोर म्हणायची. बाबा ऐकून घ्यायचे. खाली मान.

१४ मार्च

मावशीकडे जाऊन आले. आईची धाकटी बहीण, ऐंशी उलटली, पण जिभेला अजून धार. मी सगळं सांगितलं. म्हणाली, सिनेमावाल्यांना खलनायक लागतोच, मिठाशिवाय घास उतरत नाही त्यांचा. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"तिला ऐकू येत नव्हतं गं."

मला कळेचना. कोणाला?

तुझ्या आईला, म्हणाली. तुझ्या जन्माच्या आधीपासून कमी होत चाललं होतं, तू दोन वर्षांची होईस्तोवर पार गेलं. मूकपटाला कान कशाला लागतात? ओठांवर निभावलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग बोलपट आले. आवाज कापायचा तर तो ऐकू नको यायला? तिनंच बाबांना सांगितलं, मी येणार नाही म्हणा, पण का ते सांगू नका.

मावशीनं एकदा बाबांना विचारलं होतं, कशाला शिव्या खाताय सगळ्यांच्या? त्यांचं उत्तर तिला शब्दन् शब्द पाठ आहे.

"तिला बिचारी म्हणण्यापेक्षा मला वाईट म्हणू देत."

१५ मार्च

सकाळपासून नुसती बसून आहे. आईला मागून हाक मारली की बाबा म्हणायचे, असं नाही बोलायचं, समोर जा, तोंडाकडे बघून बोल. पुढे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माझं कौतुक करायच्या, काय वळण आहे मुलीला! मला ते वळणच वाटत होतं. साठी आली माझी.

आता काय करू? सांगितलं तर बाबा सुटतात. पण आई? दिग्दर्शिका वाईट नाही, ती हे झेलूनच घेईल. जाहिरातीत पहिला शब्द तोच येईल. आजकाल कोणी कीव करत नाही, उलट मान देतात, असं स्वतःला समजावते. मग वाटतं, पण आईनं तो मान मागितलाय कुठे? गप्प बसावं, तर बाबा पडद्यावर हा एवढा मोठा राक्षस. दोघांपैकी कोणा एकाचं व्हायचं, हे मला या वयात झेपत नाही.

मावशीला फोन केला. म्हणाली, मी सांगायचं ते सांगितलं, आता तुझं तू बघ. आणि जेव म्हणाली.

१६ मार्च

दिग्दर्शिकेला फोन केला. दारातला प्रसंग राहू दे, म्हटलं, तसंच घडलं होतं. फक्त आईला आत रडताना दाखवू नका. आता आठवतंय, ती दाराआड उभी होती, बाबांच्या पाठीवर पंजा टेकवून, ते बोलून संपेपर्यंत.

का, म्हणून तिनं विचारलं.

मला माहीत नाही, म्हटलं.