आढं कापायचं की नाही

४ मार्च १९९६, सोम.
ठरलं. छप्पर उतरवायचं. "पुढच्या वर्षी बघू" म्हणायला ह्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात वरून वाळवीचा भुगा ह्यांच्या ताटात पडला. तोंड मिटलं. देव आहे.
दुपारी शिडी लावून पाहिलं. आढं मधोमध वाकलंय. एवढं थोरलं लाकूड, दोन्ही घरांच्या डोक्यावरून गेलेलं, सगळं छप्पर त्याच्यावर, आणि बोट दाबलं तर बोट आत! रात्रभर ह्याच्याखाली आपण घोरतो.
अडचण अशी की आढं एकच आहे. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा मध्ये भिंत घातली, खोल्या वाटल्या, परस वाटलं. छपराची वाटणी कुणाच्या डोक्यातच आली नाही. इकडे आम्ही, तिकडे ह्यांचा धाकटा श्रीधर आणि सुमन. भिंत वर आढ्यापर्यंत पोचत नाही. सुमनच्या फोडणीला आम्ही शिंकतो. शिंकतो, पण बोलत नाही. दोघं भाऊ विहीर कुणाच्या वाट्याला ह्यावरून भांडले, ते अजून.

६ मार्च, बुध.
येलवालहून पुट्टाचारी आला. सुतार बरा आहे म्हणतात. वर चढून नखानं खरवडलं, नाक मुरडलं. दोनच रस्ते म्हणाला. एक, दोन्ही घरं एकदम उघडायची आणि नवं आढं सलग घालायचं. दुसरा, मधली भिंत वरपर्यंत चढवायची, आढं तिच्यावर कापायचं, तुमचं छप्पर तुम्हाला, त्यांचं त्यांना. पण जोडावर पाणी येणार. कुणाकडे येणार? त्याच्या कानडीत म्हणाला, "अदु हेळोक्कागल्ला, अम्मा." सांगता येत नाही! छान.
मला सलगच हवं. सुमनला संध्याकाळी देवळात गाठलं. देवळात आम्ही बोलतो, घरी नाही. "ह्यांना विचारते, अक्का."

८ मार्च
भावजी हो म्हणाले. म्हणजे सुमनला म्हणाले, सुमन मला म्हणाली, मी ह्यांना. ह्यांनी "हूं" केलं. ते 'हूं' परत पाठवायची गरज नाही.

९ मार्च, शनि.
लाकूड बघायला जायचं होतं. पुट्टाचारी गायब. बेंगळुरात मॅच, आज माणूस हलणार नाही. दोन्हीकडे टीव्ही. इकडे हे ओरडले, तिकडे भावजी ओरडले, एकाच बॉलला, एकच शिवी. दोघंही चपापून गप्प. मला हसू आवरेना, स्वयंपाकघरात गेले. तिकडे सुमनही भांडी आपटत होती, तिचंही तेच असणार.

११ मार्च
पुट्टाचारीचा फोन. आता म्हणतो आढ्याला खालून टेकू देतो, वरची कौलं तेवढी बदलू. हात झटकायला बघतोय. मी चांगला झाडला. मग ह्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, "पुट्टाचारीला स्पष्ट सांगितलंय, वरचं सगळं काढून माडी म्हणून!"
हे म्हणाले, हळू बोल.
का हळू? माझं घर, माझं छप्पर.

१२ मार्च
सगळं सामान पुढच्या खोलीत. कपाटावर कपाट. शाळेतले दहावीचे पेपर तपासायला मी बसले ती डब्यांच्या मध्ये, गुडघ्यावर गठ्ठा. पुट्टाचारी: नाळे. त्याचं 'उद्या' म्हणजे नेमकं कधी ते त्याच्या बायकोला तरी माहीत असेल का?

१४ मार्च, गुरु.
आले! सकाळपासून कौलं खाली. लाल धूळ. पाण्यात धूळ, उपम्यात धूळ, केसांत, पेपरांवर. एका पोराच्या पानावरून हात फिरवला तर पान लाल. वाटेल बाईंनी रागानं रंगवलं. माळ्यात विंचू निघाला, ह्यांनी चपलेनं मारला आणि दिवसभर तेवढंच सांगत होते.
दुपारी आमची बाजू आढ्यापर्यंत उघडी झाली. घरात बसून आभाळ. माणसं भिंतीपलीकडे सरकणार तोच भावजी अंगणात. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुट्टाचारीला म्हणाले, "नम्म कडे ओंदु हेंचू मुट्टबेडि." आमच्या बाजूचं एक कौल हलवायचं नाही! आठवड्यापूर्वी हो म्हणालेला माणूस!
अंगाचा तिळपापड झाला. ओरडणार होते. हे म्हणाले, "मी सांगितलं होतं तुला." काय सांगितलं होतं? कधी सांगितलं होतं? हा माणूस सांगतो कधी!
ताडपत्री ओढून झोपलो. वारा सुटला की फडफड.

१५ मार्च
देवळात सुमनला धरलं. तोंड फिरवून चालली होती. म्हटलं सुमन, काय झालं ते इथं सांग, नाहीतर मी तुमच्या दारात येऊन विचारेन.
डोळ्यांत पाणी. "अक्का, फसवलंत आम्हाला. आढं बदलायचं म्हणालात आणि आता वर माडी चढवताय. माझ्या अंगणात ऊन राहील का? तुळस कुठं ठेवू?"
"कुठली माडी?"
"मी माझ्या कानांनी ऐकलं! वरचं सगळं काढून माडी, असं दादांना सांगत होतात."
मला मग असं हसू फुटलं की भटजी बाहेर आले. "अगं बाई! माडी नव्हे, कानडीतलं माडि! करा! वरचं सगळं काढून *करा* म्हणून सांगितलं त्याला!"
"मग करा म्हणायचं ना! मराठीत बोलत होतात की!"
साताऱ्याकडची मुलगी, भाजीवाल्याशी कानडी बोलते, पण घरातून मराठी ऐकू आलं तर कान मराठीच लावणार. आणि आमचं घरचं मराठी हे असं, अर्धं ह्या काठावर, अर्धं त्या. सासूबाईही असंच बोलायच्या. सुमनही मग हसायला लागली, पदर तोंडाला लावून. खूप बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं.
मिटलं.

१७ मार्च, रवि.
कसलं मिटतंय.
सुमनचा निरोप: माडीचं भावजींना कळलं, हसले पण. पण तिला म्हणतात, पहिल्यांदाही तू विचारलंस, आताही तूच सांगतेस. छप्पर बायकांचं आहे का? दादानं स्वतः येऊन विचारावं, त्याशिवाय कौल हलणार नाही.
ह्यांना सांगितलं. "मी थोरला. धाकट्याच्या दारात मी जाऊ?"
म्हटलं, मग मी जाते. तर म्हणे, तू गेलीस तर बघ. काय बघू? आभाळ बघतेय चार दिवस!
दोघांना एकाच पोत्यात घालून विहिरीत सोडावं. विहीर मिळेल दोघांना.

१९ मार्च
आढं आलं. जयलक्ष्मीपुरमला एक जुना बंगला पाडतायत, तिथलं सागवान, सरळ, वाळवी नाही. लॉरी गल्लीत शिरेना, माणसांनी खांद्यावर आणलं. दोन्ही घरांच्या दारांसमोर आडवं पडलंय, त्यांच्या उंबऱ्यापासून आमच्यापर्यंत. जातायेता ओलांडावं लागतं. भावजी ऑफिसला जाताना त्याच्यावर हात फिरवून गेले. मी खिडकीतून पाहिलं.
पश्चिमेला ढग. पुट्टाचारी म्हणाला, पाडव्यानंतर आणखी थांबणार नाही, हुणसूरला दुसरं काम आहे. सलग की कापून, ते सांगा.

२० मार्च, पाडवा
गुढी उभारली, वर ताडपत्री. शेजारी सुमनची गुढी. मधे आढं. कडुनिंब वाटताना ह्यांना सरळ सांगितलं. मी वाट बघितली, गोड बोलले, देवळात जाऊन रडारड ऐकली. आता बास. उद्या पुट्टाचारी आला की त्याला कापायला सांगणार. भिंत वरपर्यंत चढवणार. मग फोडणी नाही, मॅच नाही, काही ऐकू यायला नको. जोडातून गळलं तर मी बादली लावीन, पण ह्या छपराखाली मी झोपणार आहे, पावसाच्या आत. तुमच्या दोघांच्या मानपानावर ताडपत्री पुरायची नाही.
ह्यांनी आंब्याचं लोणचं परत मागून घेतलं.
कापायचं म्हटलं खरं, पण सासूबाई गेल्या तेव्हा दोन्हीकडच्या बायका ह्याच छपराखाली एकत्र बसून रडल्या होत्या. असो. मागे हटणार नाही.

२१ मार्च, गुरु.
शाळेत अर्धा दिवस रजा टाकली. पुट्टाचारी चक्क आला, वेळेवर. हे सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून. पुट्टाचारीनं दोरी धरून मधोमध खडूची रेघ मारली, करवत काढली. "कट् माडला, अम्मा?" कापू का, म्हणून.
मी हो म्हणणार होते. खोटं कशाला लिहू, हो म्हणणारच होते.
हे उठले. "थांब म्हणावं त्याला."
शर्टाचं वरचं बटण लावलं. आढं ओलांडलं. पायात चपलासुद्धा नाहीत. त्यांच्या दारासमोर जाऊन उभे. थाप नाही, कडी नाही. किती वेळ नुसते उभे! मला वाटलं परत फिरतायत. मग हाक मारली, "श्रीधरा."
भावजींना आज सुट्टी नाही. तरी घरीच होते. दार उघडलं. बाजूला झाले. हे आत गेले.
त्याला आता बराच वेळ झाला. एरवी तिकडे चमचा पडला तरी कळतं, आणि आज इतकं उघडं घर असून आवाज नाही. भांडण नाही, बोलणं नाही. पुट्टाचारी करवत मांडीवर घेऊन आढ्यावर बसलाय, मधूनमधून घड्याळ बघतो. म्हटलं बस गप्प.
आत्ता भिंतीवरून सुमनचा आवाज आला, अगदी हळू. "अक्का, कॉफी ठेवू का दोघांना?"
म्हटलं, आत्ता नको ठेवूस. कॉफी संपली की हे उठतात.