श्री. बदक आमच्या घरी राहत नसल्याबाबत

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
कामावर परतणाऱ्या पालकांचा भत्ते विभाग,
विभागीय कार्यालय.

विषय : श्री. बदक नावाचे कोणीही माझ्या घरी राहत नसल्याबाबत व पाळणाघराचा भत्ता पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : 'सहनिवासी जोडीदार लपवल्याबाबत' हे आपले पत्र.

महोदया,

मी, केरी टनिक्लिफ, राहणार लाँगटन, स्टोक, नम्रपणे कळविते की, मुलगी मेसी हिच्या जन्मापासून मी घरी होते. आता कपांच्या कारखान्यात पुन्हा रुजू होत आहे. कपांना कान चिकटवणे हे माझे काम. पाळी पहाटेची आहे. मेसीचे वडील डॅरन वेगळे राहतात. त्यामुळे पाळणाघराशिवाय मला नोकरी नाही आणि आपल्या भत्त्याशिवाय पाळणाघर नाही.

आपल्या कार्यालयाचा फोन आला तेव्हा गॅसचा मीटर बघणारा दारात उभा होता. त्याला मी म्हणाले, "ये बदका, आत ये, चहा टाकते." आमच्या गावात सगळे सगळ्यांना बदका म्हणतात. पोस्टमनला म्हणतात, बसवाल्याला म्हणतात, मयताला आलेल्या पाद्र्यालाही म्हणतात. परंतु फोनवरचे बोलणे उतरवून घेणारे आपले यंत्र या गावचे नसावे. त्याने माझ्या घरात श्री. बदक यांची नोंद केली. घरात दुसरा मोठा माणूस बिनकामाचा बसलेला असताना मुलीला त्यानेच सांभाळावे, असे ठरवून आपण भत्ता बंद केला.

खुलासा करावा म्हणून मी फोन केला. आपल्या कार्यालयातील बाई फार आपुलकीने बोलल्या, आणि ठेवताना माझ्या तोंडून निघून गेले, "बरं झालं हं बदका, तू भेटलीस." जित्याची खोड, काय करणार. त्यानंतरच्या पत्रात, श्री. बदक हे संभाषणाच्या वेळीही घरात हजर होते, असे नमूद आहे.

आपण घरात राहत नाही, असे श्री. बदक यांनी स्वतः सहीनिशी लिहून द्यावे, असे आपले म्हणणे आहे. ते नाहीतच, म्हणून सही मिळत नाही. ते घर सोडून गेले असे मी लिहून दिले, तर आधी होते हे कबूल केल्यासारखे होते. इकडे आड, तिकडे विहीर. आपल्या कार्यालयाकडून त्यांच्या नावाने आलेले पत्र, दुसऱ्याचे टपाल फोडू नये म्हणून, बंदच परत जोडते.

हा प्रकार मी डॅरनला हसत हसत सांगितला, तिथे माझे चुकले. तो मुलीची पोटगी आपसातल्या बोलीवर देत असे, कागद केलेला नव्हता. तो म्हणाला, "सरकारच म्हणतंय घरात माणूस आहे, तर पोरीचं त्यानंच बघावं." मी म्हटले, तू याच गल्लीत वाढलास, तुला माहीत नाही होय? तर म्हणाला, "माहितीय की. पण कागद तुझ्या बाजूचा नाही, बदका." आणि फोन ठेवला. मी खूप रडले. अर्जात हे लिहायचे नसते, तरी लिहिते.

पाळणाघराच्या बाई सोमवारपर्यंतच जागा धरणार आहेत. कारखानाही तेवढाच थांबेल. माझी आई गेली, दुसरे कोणी नाही. तरी ती नोंद पुसावी, ही हात जोडून विनंती. पुसता येत नसेल, तर श्री. बदक यांना आपण कुठूनही शोधून सोमवारी पहाटे पाच वाजता माझ्या दारी पाठवावे. मेसी अनोळखी माणसाजवळ पटकन जात नाही. त्यांना थोडे लवकरच यायला सांगावे.

आपली नम्र आणि घरात एकटीच मोठी,
केरी टनिक्लिफ

लाँगटन, दि. ८ नोव्हेंबर
सोबत : बंद लिफाफा, एक.