दोन बोटांची तपासणी

प्रिय उस्ताद,

माझं पत्र बघून हसाल. स्पेअर पार्टची चिठ्ठीसुद्धा धड लिहीत नाही म्हणून तुम्ही मला किती बोलला आहात! पण फोनवर तुम्ही येत नाही. परवा काकू दुकानात भेटल्या, म्हणाल्या की हल्ली तुम्ही शेजारच्यांच्या स्कूटरलाही हात लावत नाही. कुणी गळ घातलीच तर ‘हात गेला माझा’ एवढंच म्हणता. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून आधी बातमी सांगते.

दाताच्या डॉक्टरीणबाईंची पिवळी स्पोर्ट्स कार आठवते ना? आठवणारच. बाईंनी आयुष्यभर लोकांच्या दाढा काढून शेवटी हौसेनं घेतलेली, आणि डिलिव्हरीच्या दिवशीच तुम्ही अडवून धरलेली. स्टिअरिंग डावीकडे वळवताना एका जागी अडखळतंय, म्हणालात. स्कॅनरवर एकही एरर नव्हता. वर साहेबांनी कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन तुमच्या नाकासमोर धरलं. त्यात छापलेलं, की स्टिअरिंगमध्ये किंचित अडथळा जाणवणे हे या मॉडेलचे वैशिष्ट्य आहे, कोणताही भाग बदलू नये, ग्राहकाला समजावून सांगावे. तुम्ही म्हणालात, वैशिष्ट्य असतं तर सगळीकडे जाणवलं असतं, नेमकं एकाच जागी कसं? साहेबांनी पुन्हा तोच कागद पुढे केला.

तर उस्ताद, सोमवारी त्याच गाडीचा रिकॉल आला! जगभरातल्या तीन हजार सहाशे बारा गाड्या कंपनीनं परत बोलावल्यात. स्टिअरिंगच्या दांड्याला खाली जो जॉइंट असतो, त्याला केसाएवढी चीर जाते म्हणे. आणि ती शोधायची कशी, हे रिकॉलच्या पत्रकात चौथ्या पानावर आहे. इंजिन बंद करावे. आजूबाजूचा आवाज थांबवावा. हातमोजा काढून दोन बोटे जॉइंटवर टेकवावीत आणि चाक अगदी सावकाश फिरवावे. हा दोष स्कॅनरला सापडत नाही. खाली चक्क हाताचं चित्र! अंगठा बाजूला दुमडलेला, अगदी तुमच्यासारखा. ज्या कारखान्यात सगळं काम यंत्रं करतात, तिथल्या मोठमोठ्या इंजिनिअरांना शेवटी माणसाचा हात काढून दाखवावा लागला.

तुम्ही रेडिओ बंद करायला लावायचात, बोटं कोरड्या फडक्यानं पुसायचात, डोळे मिटायचात, आणि पोरं खिदळायची, उस्तादांची समाधी लागली म्हणून. आता कुठल्या कुठल्या देशांत, एकमेकांची भाषाही न कळणारी माणसं डॅशबोर्डखाली आडवी होऊन, तशीच दोन बोटं टेकवून गप्प पडली असतील. मला हे राहून राहून नवल वाटतं. कुठल्यातरी वर्कशॉपात तुमच्यासारखंच कुणीतरी हटून बसलं असणार. आणि तिथे त्याच्या बाजूनं बोलणारंही कुणीतरी असणार.

बाईंची गाडी बुधवारी टोइंगच्या ट्रकवरून आली. सात महिने चालवलीय त्यांनी ती, म्हाताऱ्या आईला घेऊन घाटातसुद्धा गेल्या होत्या. जॉइंट मी काढला. त्याच्या मागच्या बोल्टपर्यंत माझ्याशिवाय कुणाचाच हात पोचत नाही, तुम्ही मला चिमटी म्हणायला लागलात ते याच बारीक बोटांमुळे. चीर अर्ध्याच्या पुढे गेली होती. बाईंना दाखवली, तर दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या बाईंचंच तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी गाडी अडवणारे ते चष्मेवाले गृहस्थ कुठे आहेत?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. डिलिव्हरीच्या त्या दिवशी साहेब मला म्हणाले, तू हात लावून बघ. मी दोन बोटं टेकवली, डोळे मिटले. लागलं, उस्ताद. घास खाताना खडा लागावा तसं स्वच्छ लागलं. आणि मी उठून सांगितलं, मला काही लागत नाही. माझ्या नोकरीत कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीला पडला होता, एवढंच कारण. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. स्वतःच्या हाताकडे बघत राहिलात. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाहीत. तुमचा हात गेला नव्हता, मी खोटं बोलले होते. काल साहेबांना हे सगळ्यांसमोर सांगितलं. ते टेबलावरचा चिरलेला जॉइंट माझ्याकडे सरकवून म्हणाले, कंपनीला पाठवायला सोमवारपर्यंत मुदत आहे, तोवर उस्तादांकडे राहू दे. तो या पत्रासोबत ठेवलाय. चष्मा लावू नका, बोटांनीच बघा. रविवारी सकाळी मी तो न्यायला येईन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचीच,
चिमटी