एडलिनने काय शिकावं

क्लीव्हलंड, ६ सप्टेंबर

प्रिय मनांग तेरेसिंग हिस,
धाकट्या बहिणीचा, एडलिनचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की आपली नानाय, आईच ती, कान लावते आणि अख्खी गल्लीही ऐकते, म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात एका धिप्पाड पेशंटला कुशीवर वळवताना कमरेत अशी कळ आली, की त्यालाच माझा हात धरावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, वॉर्डातलं काम आता आवरतं घ्या. पाठीचं मी सोसेन गं, पण परवा माझ्या हाताखालचा एक माणूस गेला आणि पहिला विचार आला तो पलंग रिकामा झाल्याचा. मी अशी नव्हते. घरी येऊन खूप रडले.

या परक्या देशात येऊन वीस वर्षं झाली, आता वॉर्ड सोडायचा हे नक्की. पण त्यासाठी पुढची पदवी हवी, आणि कोणती, तिथे घोडं अडलंय. नोव्हेंबर लागायच्या आत अर्ज गेला पाहिजे. मैत्रीण विल्मा म्हणते, नर्स प्रॅक्टिशनर हो, स्वतः तपासशील, औषधं लिहून देशील. आमच्या मुख्य सिस्टर म्हणतात, व्यवस्थापन शिक. नोएल नवऱ्याच्या हक्काने सांगतो, रुग्णनोंदींचं संगणकाचं शिक आणि घरी बसून काम कर. नर्सिंग शिकवण्याचीही एक पदवी आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. मी सकाळी एक ठरवते आणि भांडी घासून होईपर्यंत बदलते.

नानायला पापा. लोभ आहेच, त्यासोबत सल्लाही धाड.
तुझी एडलिन

पोतोतान, २१ सप्टेंबर

चि. इंदाय एडलिन हिस,
अ. उ. आ.

तुझ्या पदव्या वाचून डोकं भणभणलं. लहानपणी आइस्क्रीमच्या गाडीपुढेही तू अशीच उभी राहायचीस, मग गाडीवाला कंटाळून निघून जायचा. विल्माचं ऐक. तपासणारी आणि औषध लिहून देणारी म्हणजे डॉक्टरच झाली की. रुग्णनोंदी वगैरे मी इथे कुणाला समजावून सांगू?

नानाय आता बहुतेक अंथरुणातच असते. जेवते बरी, पण दिवसातून दोनदा विचारते, एडलिनची ड्यूटी संपली का. मी म्हणते, संपतच आली.

पाठीला शेक घे. आम्ही इकडे तयारीला लागतो. आशीर्वाद आहेतच.
तुझी मनांग

क्लीव्हलंड, १० ऑक्टोबर

प्रिय मनांग हिस,
सा. न. वि. वि.

तयारी म्हणजे काय ते आज कळलं. विल्माच्या तिकडच्या भावाने फोटो पाठवला. चॅपेलच्या कोपऱ्यावर दोन मजली फ्लेक्स, त्यावर माझा टोपीतला जुना फोटो, खाली अभिनंदन आणि माझ्या नावामागे डॉक्टर. मनांग, आपल्याकडे परीक्षा पास झाल्यावर फ्लेक्स लागतो. मी अजून अर्जही केला नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते तुझ्यासाठीच. वॉर्डात सगळे फोटो बघून हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

अर्ज आज केला. शिकवण्याच्या पदवीचा. फ्लेक्स उतरव.

रागावलेय, तरी तुझीच,
एडलिन

पोतोतान, २४ ऑक्टोबर

चि. एडलिन हिस,
अ. उ. आ.

फ्लेक्स उतरवला. पाद्रीबाबांनी विचारलं, आमची डॉक्टर कुठे गेली. मी म्हटलं, शिक्षिका झाली. ते म्हणाले, छान, आणि दुसऱ्याच विषयाला लागले. इथे शिक्षिका पैशाला पासरी आहेत, हे तुलाही माहीत आहे.

पण माझा राग फ्लेक्ससाठी नाही. एवढी वर्षं सगळ्यांना सांगत आले, की आमची एडलिन माणसं वाचवते. आता काय सांगू? आणि तुला स्वतःला वॉर्डात उभं राहवत नाही, तिथे दुसऱ्यांच्या पोरींना उभं राहायला कोणत्या तोंडाने शिकवणार आहेस? बोचेल म्हणून दोनदा खोडलं, तरी लिहिलंच.

नानाय आहे तशीच. लोभ कमी झालेला नाही, हे तू जाणतेस.
तुझी मनांग

क्लीव्हलंड, ७ नोव्हेंबर

प्रिय मनांग हिस,
सा. न. वि. वि.

बोचलं. मुलाखतीतही त्यांनी हेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. मी सांगितलं, की अनुभव पुढच्या पिढीला द्यायचाय, मुलींना पाठ न मोडता काम करायला शिकवायचंय. खोटं नाही ते, आणि मी नीट शिकवेनही. माझी निवड झाली. पण ही पदवी मी कशासाठी निवडली, ते नोएललाही सांगितलेलं नाही.

तातायचा, आपल्या वडिलांचा, जीव गेला, तेव्हा मी इथे एका परक्या म्हाताऱ्याचा हात धरून बसले होते. तो वाचला. त्याच्या मुली मला मिठी मारून रडल्या. मी घरी पोचले ती शवाजवळच्या जागरणाला, आणि दफन उरकून आठवड्यात परत ड्यूटीवर. वीस वर्षांत मला पंधरवड्यापेक्षा मोठी रजा मिळालेली नाही. प्रॅक्टिशनरलाही मिळत नाही, मुख्य सिस्टरना तर नाहीच. मी चारही नोकऱ्यांचं फक्त एवढंच विचारत फिरले. शिकवणाऱ्यांना उन्हाळ्यात सलग अडीच महिने सुट्टी असते मनांग. पदवीला दीड वर्ष लागेल. तोवर नानायला सांभाळ.

गल्लीला काय सांगायचं ते तू ठरव. तुझी माया असू दे.
तुझी एडलिन

पोतोतान, २० नोव्हेंबर

चि. इंदाय हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र नानायला वाचून दाखवलं. मधे मला थांबावं लागलं, तिने थांबू दिलं. मग विचारलं, तिकडचा उन्हाळा कधी लागतो. मी म्हटलं, मे महिन्यात, पण पदवी झाल्यावरच्या. तेवढं थांबते म्हणाली.

आणि तुला निरोप आहे. आलीस की नाडी बघायची नाही, ताप मोजायचा नाही, कुशीवर वळवायचं नाही. त्यासाठी तेरेसिंग आहे म्हणाली. एडलिनने नुसतं बसायचं.

तुझी,
मनांग